खेड्यातल्या मशीनवर पोस्टग्रेसची चाचणी: वीज, ऊन आणि घड्याळ सांभाळून

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातून एका भाऊंचा प्रश्न आहे. घरी ४ जीबीचा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) पडून आहे, एक जुना पेंटियम ४ डेस्कटॉप आहे आणि रिस्क-फाइव्ह (खुल्या रचनेच्या प्रोसेसरचा) बोर्ड घ्यायचा विचार आहे. यातलं एखादं मशीन पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या बिल्डफार्मला, म्हणजे त्याच्या कोडची चाचणी घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या मशीनच्या जाळ्याला, जोडता येईल का? लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते, नेट मोबाइलचं आहे, मे महिन्यात खोली ४२ अंशांवर जाते. अशा ठिकाणच्या मशीनचा खरंच कोणाला उपयोग होतो का?

होतो. मात्र कोणतं मशीन जोडता आणि त्याचा अहवाल किती भरवशाचा, यावर सगळं अवलंबून आहे. वेगाला इथे जवळजवळ किंमत नाही. वेगवान मशीन पोस्टग्रेस लिहिणाऱ्यांच्या टेबलावर आहेतच. त्यांच्याकडे कमी पडतं ते वेगळ्या जातीचं, नेमानं चालणारं आणि खोटा लाल (म्हणजे मशीनच्याच दोषामुळे नापास) निकाल न देणारं मशीन. खेड्यात खोटा लाल निकाल येतो तो बहुतेक वेळा वीज, ऊन, घड्याळ किंवा कार्डामुळे, म्हणून या उत्तरात त्यांनाच जास्त जागा दिली आहे. सॉफ्टवेअर बसवायला एक संध्याकाळ पुरते.

बिल्डफार्म म्हणजे काय ते आधी थोडक्यात. अँड्र्यू डन्स्टन यांनी ते २००४ मध्ये सुरू केलं. स्वयंसेवकाच्या मशीनवर पर्लमध्ये लिहिलेला क्लायंट बसतो. तो गिटमधून (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतून) नवा कोड आणतो, कॉन्फिगर, मेक, चेक, इन्स्टॉल, इनिटडीबी, इन्स्टॉलचेक अशा पायऱ्या एकामागून एक चालवतो आणि निकाल लॉगसकट मुख्य सर्व्हरला पाठवतो. अशी एक फेरी म्हणजे एक रन. एखादी पायरी पडली की त्या मशीनचा रकाना लाल होतो. प्रत्येक मशीनला एका प्राण्याचं नाव मिळतं आणि पुढे सगळी चर्चा त्या नावानेच होते. एक प्राणी म्हणजे एक ठरलेली जोडी: अमुक प्रोसेसर, अमुक ऑपरेटिंग सिस्टिम, अमुक कंपायलर.

वेगळ्या हार्डवेअरवर नेमकं काय सापडतं हे समजलं, की मशीन निवडणं सोपं जातं. सगळ्यात साधं उदाहरण सी भाषेतल्या 'चार' या प्रकाराचं. इंटेलवर तो चिन्हासहित असतो, म्हणजे उणे १२८ ते १२७. लिनक्सवर आर्म (पाय ४ चा प्रोसेसर), आयबीएमचा पॉवर आणि रिस्क-फाइव्हमध्ये तो बिनचिन्हाचा, ० ते २५५. कोणी कमांड लाइनचे पर्याय वाचणाऱ्या फंक्शनचा निकाल 'चार'मध्ये ठेवून उणे १ शी ताडून पाहिला, तर इंटेलवर प्रोग्रॅम नीट चालतो आणि आर्मवर लूपमधून कधीच बाहेर पडत नाही. पोस्टग्रेसला हा फरक प्रत्यक्ष भोवला आहे. पीजी-ट्रायग्रॅम या शब्दांचे तुकडे शोधणाऱ्या एक्स्टेन्शनच्या इंडेक्समधला क्रम या चिन्हावर अवलंबून होता, त्यामुळे इंटेलवर बनवलेला इंडेक्स रेप्लिकेशनने (डेटाबेसची हुबेहूब प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवताना) आर्मवर गेला की शोध चुकायचा. शेवटी आवृत्ती १८ मध्ये ही चिन्हाची नोंद कंट्रोल फाइलमध्येच ठेवायला सुरुवात झाली.

दुसरा प्रकार मेमरीच्या क्रमाचा. इंटेलवर एका कोअरने लागोपाठ केलेली लेखनं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात. आर्म आणि पॉवरवर तशी हमी नसते, त्यासाठी कोडमध्ये बॅरियर (क्रम पाळायला लावणारी सूचना) टाकावा लागतो. तो विसरला तर चूक शेकडो रनमध्ये एखाद्या वेळी दिसते आणि एरवी सगळं हिरवं. अशी चूक पकडायला महिनोन्‌महिने अखंड चालणारं साधं मशीनच लागतं. एकदा चालवून बंद केलेला महागडा सर्व्हर तिथे काही कामाचा नाही.

तिसरा प्रकार ३२ बिटचा. ३२ बिट लिनक्सवर 'लाँग' ४ बाइटचा असतो, मोठ्या आकड्यांचे गुणाकार ओव्हरफ्लो होतात, छपाईचे फॉरमॅट चुकतात. त्यात डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या आवृत्ती १३ ने ३२ बिट आर्मवर वेळ मात्र ६४ बिटची केली (३२ बिटची वेळ २०३८ मध्ये संपते म्हणून), म्हणजे पॉइंटर ४ बाइटचा आणि वेळ ८ बाइटची. ही जोडी तपासणारी मशीन जितकी असतील तितकी चांगली. बिग-एंडियन, म्हणजे बाइट उलट्या क्रमाने ठेवणारी मशीन तर आणखी दुर्मिळ: आयबीएमची मेनफ्रेम, जुने पॉवरपीसी मॅक, स्पार्क. तुमच्या तिन्हींपैकी एकही त्यात बसत नाही.

आता तुमची तीन मशीन.

पेंटियम ४ जोडू नका. भाराखाली तो साधारण १२० वॉट ओढतो असं धरलं, तरी दिवसाला २.८८ युनिट, महिन्याला ८६ युनिट होतात. पाय ४ एसएसडीसकट ७-८ वॉटवर भागतो, म्हणजे महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास. शिवाय डेबियन १३ पासून ३२ बिट इंटेलसाठी कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इन्स्टॉलर मिळत नाही, तेव्हा तो डबा जुन्याच सिस्टिमवर अडकून राहील. ३२ बिट इंटेलची चाचणी करायचीच असेल, तर कोणत्याही ६४ बिट लॅपटॉपवर डीबूटस्ट्रॅपने ३२ बिटचं क्रूट (एका फोल्डरमध्ये बसणारी वेगळी सिस्टिम) बनवा. त्या काळची ८० बिट फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकांची) आकडेमोड करणारं एक्स-८७ युनिट आजच्या प्रोसेसरमध्येही आहे, त्यामुळे गोलाईच्या चुका तिथेही खऱ्याखुऱ्या हार्डवेअरवर दिसतात.

पाय ४ चांगला आहे, पण तो ६४ बिटमध्ये चालवून फारसं काही साधणार नाही. ६४ बिट आर्म आता दुर्मिळ उरलेलं नाही. अ‍ॅपलचे एम मालिकेचे संगणक आणि क्लाउडमधले ग्रॅव्हिटॉन सर्व्हर तेच आहेत. त्यावर ३२ बिटची सिस्टिम चालवा. इथे दोन खाचखळगे आहेत. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२ बिट आवृत्तीतला कंपायलर पहिल्या पायवरही चालावं म्हणून आर्म-व्ही६ चा कोड बनवतो, तर डेबियनची आर्म-एचएफ आवृत्ती आर्म-व्ही७ चा. हे दोन वेगळे प्राणी आहेत, नोंदणी करताना नेमकं लिहा. दुसरं, रास्पबेरी पाय ओएस ३२ बिट असली तरी पाय ४ वर कर्नल ६४ बिटचा सुरू होतो आणि 'यूनेम' ही सिस्टिमची ओळख सांगणारी कमांड एआर्च-६४ (६४ बिट आर्म) असं उत्तर देते. कॉन्फिगर आणि काही एक्स्टेन्शन त्यावरून चुकीचा अंदाज बांधतात. बूट विभागातल्या कॉन्फिग फाइलमध्ये 'आर्म ६४ बिट' ही किल्ली शून्य करा, नाहीतर सगळा रन 'लिनक्स-३२' या कमांडमधून सुरू करा.

रिस्क-फाइव्ह बोर्ड घेणार असाल तर तो या तिघांत सर्वांत मोलाचा ठरेल. डेबियनने आवृत्ती १३ मध्ये ६४ बिट रिस्क-फाइव्हला अधिकृत स्थान दिलं आहे, त्यामुळे पॅकेजसाठी धावाधाव उरली नाही. व्हिजनफाइव्ह २ सारखा बोर्ड, म्हणजे चार यू-७४ कोअर आणि ८ जीबी रॅम, या कामाला पुरेसा आहे. विकत घेताना एकच प्रश्न विचारा: यावर मूळ कर्नल चालतो, की विक्रेत्याने एकदाच बनवून सोडून दिलेली इमेज? दुसरं उत्तर आलं तर दोन वर्षांनी तो बोर्ड सुरक्षा-दुरुस्त्यांविना राहील. सी-डॅकच्या वेगा प्रोसेसरवरचे एरीज बोर्ड भारतीय आहेत म्हणून बरेच जण त्यांच्याबद्दल विचारतात. ते मायक्रोकंट्रोलर आहेत, १०० मेगाहर्ट्झ आणि २५६ केबी मेमरीचे. लिनक्स आणि पोस्टग्रेस त्यावर चालत नाहीत. फर्मवेअर शिकायला मात्र ते उत्तम.

क्यूएमू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरून इंटेलच्या लॅपटॉपवरच आर्म चालवला तर? एखादी बिग-एंडियन चूक घरी पुन्हा घडवून पाहायला क्यूएमू फार कामाचा आहे. पण त्याच्या यूजर मोडचा (पूर्ण मशीनऐवजी फक्त प्रोग्रॅमपुरत्या नकलेचा) निकाल बिल्डफार्मला पाठवू नका. सिस्टिम कॉलच्या नकलेत राहिलेल्या उणिवा पोस्टग्रेसच्या माथी लागतात आणि मेमरीच्या क्रमाच्या चुका खालच्या इंटेलमुळे झाकल्या जातात.

आता विजेकडे. तुमच्याकडे लाइन जाते त्यापेक्षा ती कशी येते हे जास्त त्रासदायक आहे. पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, लाइन आली की क्षणभर चढतं. ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर सरळ भिंतीला लावू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात आणि पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो कमी व्होल्टेजची नोंद करतो. बारीक, लांब यूएसबी केबलमध्येच अर्धा व्होल्ट पडतो. चांगली जोडणी अशी: १२ व्होल्टची बॅटरी कायम चार्जरवर, तिच्यापासून फ्यूज लावून जाड आणि आखूड वायर, पुढे ५.१ व्होल्ट ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), आणि तिथून मशीन. लाइन गेली काय आणि आली काय, मशीनला काहीच कळत नाही.

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. तिचं आयुष्य टिकवायचं तर अर्धीच वापरायची, म्हणजे ४२. कन्व्हर्टरची तूट काढली की ३६-३७ उरतात आणि ८ वॉटच्या भारावर साडेचार तास निघतात. १२.८ व्होल्ट ६ अँपिअर-तासाची लिथियम-फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरता येते आणि साडेसहा तास देते. पण तिला स्वतःचा बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) आणि १४.४ ते १४.६ व्होल्टचा चार्जर लागतो. लेड-अ‍ॅसिडला कायम जोडून ठेवायचा फ्लोट चार्जर १३.५ ते १३.८ व्होल्टचा हवा. '१२ व्होल्ट' असं लिहिलेला साधा अ‍ॅडॉप्टर म्हणजे चार्जर नव्हे. त्यावर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि काही महिन्यांत सल्फेट धरून मरते. घरात इन्व्हर्टर असेलच तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइन गेल्यावर तो चालू होण्याआधीच पाय बंद पडतो. फक्त ८ वॉटसाठी नवा इन्व्हर्टर मात्र घेऊ नका, रिकामा असतानाच तो याहून जास्त खातो.

बॅटरी संपत आली हे मशीनला कळलं पाहिजे. आयएनए-२१९ नावाचं छोटं मॉड्यूल आय-टू-सी पिनांवर लावलं की २६ व्होल्टपर्यंतचं व्होल्टेज वाचता येतं. लेड-अ‍ॅसिडसाठी १२.२ च्या खाली नवा रन सुरू करायचा नाही आणि ११.८ ला मशीन नीट बंद करायचं. लिथियम-फॉस्फेटचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, तिथे हे आकडे चालत नाहीत, १३.० आणि १२.८ धरा.

रन चालू असताना वीज गेलीच तर दोन ठिकाणी नुकसान होतं. एक म्हणजे अर्धवट रनचे 'इन्स्ट' आणि 'पीजीएसक्यूएल.बिल्ड' हे फोल्डर शाखेच्या (पोस्टग्रेसच्या एका आवृत्तीच्या कोडच्या) फोल्डरमध्ये राहून जातात आणि पुढच्या रनला अडवू शकतात. बूट झाल्यावर, क्लायंट चालू नसताना, ते काढून टाकायची ओळ लिहून ठेवा. दुसरं नुकसान जास्त महाग: गिटच्या साठ्यात शून्य बाइटच्या फाइली तयार होतात आणि पुढे प्रत्येक रन गिटच्या पायरीवरच पडतो. 'गिट एफएससीके' चालवलं की ते उघड होतं. पहिल्या क्लोनला (पूर्ण साठ्याची प्रत उतरवायला) काही शेकडो एमबी लागतात. मोबाइलच्या दिवसाच्या डेटात ते पुन्हापुन्हा उतरवणं परवडत नाही. म्हणून पहिलं क्लोन झालं की त्याची टार फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये 'गिट कीप मिरर' चालू करा, म्हणजे सगळ्या शाखांना मिळून एकच साठा राहतो.

घड्याळाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. चार तास लाइन नसली तर मशीन उठतं ते शेवटी जपून ठेवलेल्या वेळेवर, म्हणजे चार तास मागे. मग नेट मिळतं आणि घड्याळ एकदम पुढे उडी मारतं. ही उडी रनच्या मध्ये पडली, तर आधी बनलेल्या फाइलींच्या वेळा विचित्र होतात, मेक 'क्लॉक स्क्यू'चा इशारा देतं आणि काही फाइली पुन्हा बनतच नाहीत. घड्याळ फारच मागे असेल तर सुरक्षित जोडणीचं टीएलएस प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं. पुढे असेल तर भविष्यातल्या वेळेचा अहवाल बिल्डफार्मचा सर्व्हर घेत नाही.

उपाय स्वस्त आहे. डीएस-३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा. त्याची चूक दशलक्षात २, म्हणजे महिन्याला ५ सेकंदांच्या आसपास. मॉड्यूलला पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरूनच वीज द्या. ५ व्होल्टवर लावलं तर त्याचे पुल-अप रेझिस्टर पायच्या पिनांना ५ व्होल्ट देतात. शिवाय बाजारात मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं, ते साध्या सीआर-२०३२ सेलला चार्ज करू पाहतं आणि सेल फुगतो. मॉड्यूल लावलं तरी क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या 'वेटसिंक' कमांडने वेळ जुळल्याची खात्री होईपर्यंत रन सुरू होऊ देऊ नका.

उष्णतेचं गणित सरळ आहे. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना आपला वेग कमी करू लागतो. खोली ४२ वर असताना पंख्याशिवाय, नुसत्या हीटसिंकवर, चारही कोअर भाराखाली ठेवले की तो थोड्याच वेळात तिथे पोचतो. वेग कमी होणं ही काही चूक नाही, पण रन लांबतो आणि चाचण्यांच्या वेळमर्यादा ओलांडल्या जातात. एप्रिल ते मध्य जून क्रॉन (ठरलेल्या वेळी रन सुरू करणारा प्रोग्रॅम) फक्त रात्री १० ते सकाळी ७ ठेवा, ४० मिलिमीटरचा पंखा लावा, आणि कमाल वेग १००० मेगाहर्ट्झवर आणा. ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनचा अहवाल मात्र कोणीही गंभीरपणे घेणार नाही आणि घेऊही नये.

मशीन टिनाच्या छताखाली ठेवू नका. मातीच्या किंवा जाड विटांच्या भिंतीची आतली खोली बघा. कूलरच्या झोतात तर मुळीच नको. ओलावा आणि क्षार बोर्डावर बसतात आणि पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात. जिनिंगच्या आसपासच्या गावात कापसाचे तंतू पंख्यात अडकतात, तिथे बारीक जाळी लावून पंधरवड्याला झटका. खोक्याची भोकं पाल शिरणार नाही इतकीच ठेवा. मृगाच्या आधीच्या विजांसाठी एक गोष्ट आवर्जून करा: छतावरच्या अँटिनापासून किंवा बाहेरच्या राऊटरपासून आलेली तांब्याची इथरनेट केबल सरळ बोर्डाला लावू नका. शेवटचा टप्पा वायफायवर ठेवा, म्हणजे वीज केबलमधून आली तरी राऊटरपाशी थांबायची शक्यता बरीच वाढते. सर्ज प्रोटेक्टरला खरं अर्थिंग नसेल तर तो नुसता एक्स्टेन्शन बोर्ड आहे.

साठवणुकीला एसडी कार्ड नको. एका रनमध्ये हजारो छोट्या फाइली बनतात आणि पुसल्या जातात. कार्ड काही महिन्यांत झिजतं, आणि झिजताना गुपचूप चुकीचा डेटा देऊ लागतं. १२० जीबीचा साधा साटा एसएसडी यूएसबीने लावा. काही यूएसबी-साटा अ‍ॅडॉप्टरच्या चिप यूएएस या जलद यूएसबी पद्धतीत अडकतात, भाराखाली डिस्क नाहीशी होते आणि कर्नल लॉगमध्ये रीसेटच्या ओळी दिसतात. त्या चिपचा क्रमांक कर्नलच्या 'यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स' पर्यायात 'यू' खुणेसह टाकला की त्रास थांबतो. 'एफसिंक' (डेटा लगेच डिस्कवर पक्का करणं) क्लायंटच्या जादा कॉन्फिगमध्ये बंदच असू द्या. चाचणीतला डेटाबेस वीज गेल्यावर वाचवायचा नसतो.

आता क्लायंट. बिल्डफार्मच्या पानावर नोंदणीचा अर्ज भरा: सिस्टिम, तिची आवृत्ती, कंपायलर, त्याची आवृत्ती, आर्किटेक्चर, ईमेल. मंजुरीनंतर प्राण्याचं नाव आणि गुप्त किल्ली येते. अहवालावरची सही त्या किल्लीतून बनते, म्हणून कॉन्फिग फाइल फक्त त्याच युजरला वाचता येईल अशी ठेवा. युजर वेगळा बनवा. रूटवर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. बायसन, फ्लेक्स, पर्ल, गिट, सीकॅश, रीडलाइन, झेडलिब आणि आयसीयूच्या डेव्हलपमेंट फाइली, आणि पर्लची एचटीटीपीएस व (टॅप चाचण्यांसाठी) 'आयपीसी-रन' मॉड्यूल एवढं तरी लागतं. कॉन्फिगर पर्यायांत डीबग, असर्शन (कोडमधल्या आतल्या तपासण्या) आणि टॅप चाचण्या (पर्लमध्ये लिहिलेल्या) चालू ठेवा. असर्शनमुळे रन संथ होतो, पण दुर्मिळ मशीनवर चुका पकडणारं खरं जाळं तेच आहे.

पहिले काही रन 'टेस्ट' पर्याय देऊन करा, तेव्हा सर्व्हरला काहीच जात नाही. शाखा सुरुवातीला फक्त 'हेड', म्हणजे मुख्य शाखा. पोस्टग्रेस प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षं सांभाळतं, म्हणजे मुख्य शाखेसह साधारण सहा शाखा जिवंत असतात. एका शाखेला दोन तास लागले तर सहांना बारा. तुमच्या बॅटरीत आणि रात्रीच्या वेळात ते बसत नाही. हेड स्थिर झालं की मग 'हेड प्लस लेटेस्ट' (मुख्य शाखा आणि सर्वांत नवी आवृत्ती). ४ जीबीवर मेक-जॉब्स (एकाच वेळी चालणारी कंपाइलची कामं) ३ ठेवा, १ जीबीच्या बोर्डावर १ किंवा २.

क्रॉनमधून 'रन ब्रँचेस' स्क्रिप्ट सरळ बोलावू नका. मध्ये एक छोटी शेल स्क्रिप्ट घाला. तिने पाहायचं: घड्याळ जुळलंय का, बॅटरी हद्दीच्या वर आहे का, तापमान ६० च्या खाली आहे का, डिस्कवर २० जीबी मोकळी आहे का. एकही उत्तर 'नाही' आलं तर मुकाट्याने बाहेर पडायचं. चुकलेल्या रनचं कोणाचं काही बिघडत नाही, पण खोट्या लाल रकान्यामागे एखाद्या डेव्हलपरचा अख्खा दिवस जातो.

संथ मशीनसाठी वेळमर्यादा वाढवाव्या लागतात. टॅप चाचण्यांची डीफॉल्ट मर्यादा १८० सेकंद आहे, 'पीजी टेस्ट टाइमआउट डीफॉल्ट' या चलातून ती ६०० करा. सर्व्हर सुरू-बंद होण्याची मर्यादा ६० सेकंद आहे, 'पीजीसीटीएल टाइमआउट'मधून ती १८० करा. दोन्ही क्लायंटच्या 'बिल्ड एन्व्ह' भागात जातात. आणि 'वेट टाइमआउट' लावून पूर्ण रनला वरची हद्द घाला, नाहीतर एखादी अडकलेली चाचणी आठवडाभर मशीन धरून बसेल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

लाल आलं तर आधी मशीनकडे संशयाने बघा. पायवर 'गेट थ्रॉटल्ड' कमांडचं उत्तर शून्य हवं. शेवटून पाचवा अंक १ किंवा ५ असेल तर बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. कंपायलरच कोसळला आणि दुसऱ्या वेळी भलत्याच फाइलवर कोसळला, तर तो मेमरी, वीज किंवा उष्णतेचा दोष. अशा वेळी जीसीसी स्वतःच सांगतो की चूक पुन्हा घडत नाही, तेव्हा हार्डवेअर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न असावा. कंपायलर नुसता 'किल्ड' म्हणून थांबला तर रॅम संपली आहे. कर्नल लॉग पाहा, मेक-जॉब्स कमी करा, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेली जादा मेमरी) लावा.

एक खोटा लाल फार फसवा आहे. तुम्ही एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून) त्याच युजरवर शिरता, काहीतरी बघता, बाहेर पडता आणि त्याच क्षणी मागे चालू असलेली चाचणी शेअर्ड मेमरी सापडत नाही म्हणून पडते. लॉगइन सांभाळणारं सिस्टिमडी-लॉगइनडी साधा युजर बाहेर पडला की त्याची शेअर्ड मेमरी साफ करतं. लॉगइनडीच्या कॉन्फिगमध्ये 'रिमूव्ह आयपीसी' बंद करा, नाहीतर युजर बनवतानाच सिस्टिम युजर म्हणून बनवा.

मशीन निर्दोष दिसलं तर तोच कमिट (कोडचा एक नोंदलेला बदल) पुन्हा चालवा, मग त्याच्या आधीचा. त्याच जातीचे इतर प्राणी हिरवे आहेत का ते पाहा. पुन्हा तिथेच पडलं तर तो खरा शोध आहे; कोअर फाइलमधून (कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या प्रतीतून) जीडीबी या डीबगरने काढलेला बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनमध्ये पडला याची यादी) तयार ठेवा.

मशीन जोडल्यावर कंपायलर किंवा सिस्टिम अपग्रेड केली तर 'अपडेट पर्सनॅलिटी' स्क्रिप्टने ते कळवा, आणि कर्नल व कंपायलर एकाच दिवशी बदलू नका. कॉन्फिगमधला 'अलर्ट्स' भाग भरून ठेवा. मशीन ७२ तास गप्प राहिलं तर सर्व्हर तुम्हाला ईमेल करेल. शेतीच्या हंगामात रोज पाहणं जमत नाही, तेव्हा हा ईमेल उपयोगी पडतो. आणखी एक सुचवतो: क्लायंटला 'लोकेल्स'ची (भाषा-प्रदेशानुसारच्या नियमांच्या संचांची) यादी देता येते. 'सी' सोबत भारतातलं मराठी यूटीएफ-८ लोकेल आधी टेस्ट पर्यायाने चालवून बघा, हिरवं आलं तर यादीत कायम ठेवा. आपल्या भाषेच्या लोकेलवर डेटाबेस रोज तपासला जावा यासाठी आपणच मशीन लावलं पाहिजे.

नेटची काळजी करू नका. क्लायंट स्वतः बाहेर जोडणी करतो, त्याच्याकडे बाहेरून कोणी येत नाही, म्हणून मोबाइल कंपनीच्या सामायिक आयपीमागेही तो चालतो. स्थिर आयपी किंवा पोर्ट उघडणं लागत नाही. पहिल्या क्लोननंतर रोजचा डेटा थोडाच असतो. अडचण येते ती एखाद्या डेव्हलपरने "तुमच्या मशीनवर मला थोडा वेळ शिरता येईल का" असं विचारल्यावर, आणि दुर्मिळ मशीन असेल तर हे विचारलं जातंच. त्यासाठी बाहेरच्या एखाद्या छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) वायरगार्ड (सुरक्षित व्हीपीएन जोडणी) लावून मशीनकडून तिथे जोडणी उघडी ठेवता येते. पाहुण्याला बिल्डफार्मच्या युजरवर घेऊ नका. वेगळा युजर द्या, त्याची सार्वजनिक एसएसएच किल्ली घाला, पासवर्ड बंद ठेवा, घरच्या नेटवर्ककडे जाणारी वाट फायरवॉलने अडवा, आणि तेवढा वेळ क्रॉन थांबवा, म्हणजे त्याच्या प्रयोगांचा भार तुमच्या रनवर पडणार नाही. काम झालं की तो युजर काढून क्रॉन पुन्हा चालू करा. लाइनच्या वेळा त्याला आधीच कळवा. अर्ध्या डीबगिंगमध्ये मशीन गेलं तर त्याची सगळी मांडणी नव्याने करावी लागते.